तुतारी, पिपाणी आणि मतदाराची नजर : २०२४ मधील एका निवडणूक चिन्हाचे प्रकरण

४ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीची मतमोजणी झाली, तेव्हा दिंडोरी मतदारसंघात एका अपक्ष उमेदवाराच्या नावावर १,०३,६३२ मते जमा झालेली दिसली. या उमेदवाराचे आडनाव विजयी उमेदवार भास्कर भगरे यांच्याप्रमाणेच भगरे होते आणि मतदान यंत्रावर त्याच्या नावासमोर फुंकून वाजवायच्या एका वाद्याचे चित्र होते. साताऱ्यात तेच चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली, तर बीडमध्ये ५४ हजारांहून अधिक. निवडणूक आयोगाच्या इंग्रजी यादीत या चिन्हाचे नाव ‘ट्रम्पेट’ होते, मराठी यादीत ‘तुतारी’ होते आणि पुढे बातम्यांतून व कार्यकर्त्यांच्या तोंडून रूढ झालेले नाव ‘पिपाणी’ होते. या तिन्ही मतदारसंघांत राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष – शरदचंद्र पवार या पक्षाचे उमेदवार ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर लढत होते.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा राजकीय अंगाने झाली : अपक्ष कोणी उभे केले, कोणाचा फायदा झाला, मतदार फसला की फसवला गेला. येथे त्या वादात न शिरता हे प्रकरण दृश्य संस्कृतीचे उदाहरण म्हणून तपासले आहे. चिन्ह अर्थ कसा वाहून नेते, एका समूहाची ओळख त्यात कशी साठवली जाते, आणि चिन्ह एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेले की त्या अर्थाचे काय होते, हे प्रश्न एरवी पुस्तकी वाटतात. या निवडणुकीत त्यांची उत्तरे मतांच्या आकड्यांत मिळाली. माझे मत आरंभीच सांगतो : ज्यांनी अपक्षासमोरचे बटण दाबले, त्यांतल्या पुष्कळांनी चिन्ह चुकीचे वाचले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्यांना जे शोधायला सांगितले होते, ते त्यांनी शोधले आणि ते त्यांना सापडले.

चिन्ह बदलण्यापूर्वी

भारतातील निवडणूक चिन्हांचा जन्म निरक्षरतेच्या अडचणीतून झाला. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवलेली असे आणि पेटीवर चिन्ह लावलेले असे. मतदाराने मतपत्रिका योग्य पेटीत टाकायची, एवढेच काम होते. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, त्यानंतर यंत्रे आली, साक्षरता वाढली, तरीही चिन्ह टिकले. कारण दरम्यानच्या काळात ते अक्षरओळखीला पर्याय एवढेच उरले नव्हते, पक्षाची ओळख झाले होते. बैलजोडी, पणती, नांगरधारी शेतकरी, हात, कमळ, धनुष्यबाण ही चित्रे आता पाहिली जातात त्याहून अधिक उच्चारली जातात. ‘कमळाला दिले’, ‘घड्याळाला जाणार’, ‘पंजाचे घर आहे’ अशी आपली बोलण्याची रीतच आहे, आणि या बोलण्यात पक्षाचे नाव यावेच लागत नाही.

१९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार चिन्हे दोन प्रकारची असतात. मान्यताप्राप्त पक्षांसाठी राखीव चिन्हे असतात आणि उरलेल्यांसाठी मुक्त चिन्हांची यादी असते. या यादीतली बरीच चित्रे आयोगात आरेखक असलेल्या एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढलेली होती. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. खाट, बादली, शिट्टी, गॅस सिलिंडर, शिवणयंत्र अशा, कोणालाही नाव विचारावे न लागणाऱ्या वस्तूंची ही यादी आहे. या वस्तूंना स्वतःचा इतिहास नसतो आणि तसा तो नसावा, हीच मुक्त चिन्हांमागची कल्पना आहे.

पक्ष फुटला की काय करायचे, हे त्याच आदेशाच्या परिच्छेद १५ मध्ये सांगितले आहे. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा बैलजोडी गोठवली गेली; एका गटाला गाय-वासरू मिळाले आणि दुसऱ्याला चरखा चालवणारी स्त्री. शरद पवार १९६७ मध्ये पहिल्यांदा बारामतीतून विधानसभेवर निवडून आले ते बैलजोडीवर. त्यानंतर गाय-वासरू, चरखा, हात आणि घड्याळ अशी चिन्हे त्यांच्या वाट्याला आली, हे ते स्वतःच भाषणांतून सांगत आले आहेत. चिन्ह गेले तरी माणसे राहतात, असा त्यामागचा युक्तिवाद असे, आणि निकालांकडे पाहता तो बऱ्याच अंशी खराही ठरला. मात्र तुतारीच्या वेळी एक गोष्ट वेगळी होती. नव्या चिन्हाच्या अगदी जवळ जाणारे दुसरे चिन्ह त्याच यंत्रावर असू शकत होते.

घटनाक्रम थोडक्यात असा. १० जून १९९९ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रवादी काँग्रेसचे घड्याळ जवळजवळ पंचवीस वर्षे महाराष्ट्राच्या भिंतींवर होते. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार राज्य सरकारमध्ये सामील झाले, पक्षावर दोन्ही गटांनी दावा सांगितला आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले. दुसऱ्या दिवशी शरद पवार गटाला नवे नाव मिळाले, २२ फेब्रुवारीला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले आणि २४ फेब्रुवारीला रायगडावर त्याचे अनावरण झाले. १९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात हे चिन्ह या पक्षासाठी राखून ठेवण्यास आणि ते अन्य कोणालाही न देण्यास आयोगाला सांगितले. साताऱ्याचे मतदान ७ मे रोजी होते आणि दिंडोरीचे २० मे रोजी, म्हणजे चिन्ह हाती आल्यापासून मतदानापर्यंत अडीच-तीन महिनेच होते.

तुतारी वाजली, माणूस मागे पडला

तुतारी हे महाराष्ट्रात अर्थाने भरलेले वाद्य आहे. पितळेची किंवा तांब्याची, निमुळत्या तोंडाकडून रुंद होत जाणारी ही वळणदार नळी. तिला बासरीसारखी भोके नसतात, त्यामुळे स्वर सगळा वादकाच्या श्वासावर आणि ओठांच्या दाबावर अवलंबून असतो, आणि म्हणूनच तिचे वादन गाण्यापेक्षा ललकारीच्या जवळचे असते. देवळाच्या दारात, पालखीपुढे, लग्नात वर मांडवाशी आला की, पाहुणे व्यासपीठाकडे निघाले की ती वाजते. कोणीतरी येत आहे, उठून उभे राहा, असे ती सांगते. शिवकालाच्या आठवणीशी ती इतकी जोडलेली आहे की गडावरच्या कोणत्याही सोहळ्यात तिची गैरहजेरी जाणवते. शाळेत केशवसुत वाचलेल्यांच्या मनात तिला आणखी एक अर्थ आहे, जुने मोडून नवे मागणाऱ्या हाकेचा.

निवडणूक चिन्ह म्हणून इतका तयार अर्थ मिळणे दुर्मीळच. घड्याळाला पक्षाने पंचवीस वर्षांत अर्थ मिळवून दिला. तुतारी मात्र पहिल्याच दिवशी अर्थ घेऊन आली. पक्षाने तो अर्थ पूर्णपणे वापरला. अनावरणासाठी रायगड निवडणे ही चिन्हाच्या अर्थाला दिलेली जाणीवपूर्वक दिशा होती. सभांमधून प्रत्यक्ष तुताऱ्या वाजू लागल्या, आणि ‘रामकृष्ण हरी, वाजवा तुतारी’ ही घोषणा गावोगाव पोचली. या घोषणेची बांधणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या अर्ध्यात वारकरी नामस्मरण, दुसऱ्यात पक्षाचे चिन्ह, मध्ये ‘हरी’ आणि ‘तुतारी’ यांचे यमक. भजनाच्या चालीत सहज बसणारी ही ओळ कान एकदा ऐकून पाठ करतो.

पण या घोषणेत माणूस नाही. चिन्हाचे अधिकृत नाव ‘तुतारी वाजवणारा माणूस’ असे तीन शब्दांचे, आणि प्रचारात राहिला त्यातला पहिला शब्द. यात प्रचारकांचा दोष काढता येत नाही. तीन शब्दांचे चिन्ह कोणी घोषणेत बसवत नाही, आणि ‘नांगरधारी शेतकरी’ या चिन्हालाही लोक बोलताना नांगर किंवा शेतकरी असेच म्हणत असणार. फरक असा की नांगरधारी शेतकऱ्याच्या चित्रात शेतकरी आणि नांगर दोघे मिळून एक ओळखीचे दृश्य तयार होत असे, आणि नावाचा तुकडा पाडला तरी तो याच दृश्याकडे घेऊन जाई. तुतारीच्या बाबतीत नावाचा तुकडा एका वाद्याकडे बोट दाखवत होता, आणि यंत्रावर एकटे वाद्य दुसऱ्याच्या नावासमोर होते.

मुक्त यादीतील ट्रम्पेटचे मराठी नाव ‘तुतारी’ असे छापले गेले, हा या प्रकरणातील सर्वांत गंभीर दोष आहे. बारामतीत अपक्ष उमेदवाराला हे चिन्ह याच नावाने मिळाले तेव्हा मतदानापूर्वीच पक्षाने हरकत घेतली होती. चिन्हव्यवस्थेच्या दृष्टीने येथे काय घडले ते नीट मांडले पाहिजे. चित्रे दोन होती, नाव एक होते. ते नाव एका चित्राला अधिकृतपणे आणि संपूर्ण दिले होते, तर दुसऱ्या चित्राच्या नावात ते केवळ एक भाग होते. ज्या पक्षाने ते नाव राज्यभर गाजवले, त्याच्याकडे त्या नावाचा पूर्ण ताबा नव्हताच.

यंत्रासमोरचा क्षण

चिन्हाचा सांस्कृतिक अर्थ जिथे भरला जातो ती जागा आणि ते जिथे कामाला येते ती जागा यांत किती अंतर असते, हे मतदान यंत्राजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही. सभेतली तुतारी माणसाच्या उंचीची असते, पितळेची चमकते आणि कानात घुमते. फलकावरचे चित्र रंगीत, मोठे, नेत्याच्या चेहऱ्याशेजारी असते. बॅलट युनिटवर मात्र आडव्या पट्ट्या एकाखाली एक असतात. प्रत्येक पट्टीत अनुक्रमांक, नाव, छोटे छायाचित्र, काळ्या रेषांतले चिन्ह आणि कडेला निळे बटण. आवाज नाही, नेता नाही, आणि २०२४ मध्ये छायाचित्रालाही रंग नव्हता. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार एकटा असतो आणि बाहेर रांग थांबलेली असते.

त्या चौकटीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ बसवायचा म्हणजे पूर्ण माणूस आणि त्याच्या हातातले लांब वळणदार वाद्य, दोन्ही बसवायचे. साहजिकच माणूस लहान होतो आणि वाद्य त्याहून बारीक होते. ज्या वस्तूचे नाव मतदाराच्या मनात आहे, तीच वस्तू चित्रात सर्वांत कमी जागा व्यापते. याउलट एकटे वाद्य दाखवणारे चित्र चौकट भरून टाकते. टोकाला पसरत गेलेली नळी दुरूनही कळते. दोन्ही पट्ट्या एकाच यंत्रावर असतील आणि मनात ‘तुतारी’ हा एकच शब्द असेल, तर नजर कुठे थांबेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाने चिन्हाचे मूल्य त्याच्या स्वतःच्या गुणांत नसून इतर चिन्हांपासूनच्या भेदात असते असे मांडले. त्याची व्याख्याने १९१६ मध्ये ग्रंथरूपाने आली. मतदान यंत्र ही या विचाराची इतकी स्वच्छ कसोटी आहे की शिकवताना याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. कमळ, हात, घड्याळ, शिट्टी यांच्या शेजारी तुतारीवाला माणूस पुरेसा वेगळा असतो. ट्रम्पेट यादीत आल्याबरोबर त्याचा वेगळेपणा निम्म्याने कमी होतो, आणि त्याच्या चित्रात एका रेषेचाही फरक झालेला नसतो.

दुसरा मुद्दा सवयीचा आहे. साताऱ्यातली परिस्थिती या दृष्टीने फारच गुंतागुंतीची होती. उदयनराजे भोसले २००९, २०१४ आणि एप्रिल २०१९ मध्ये तेथून घड्याळावर निवडून आले होते. २०१९ च्या ऑक्टोबरातल्या पोटनिवडणुकीत ते कमळावर लढले आणि घड्याळावरच्या श्रीनिवास पाटलांकडून हरले. २०२४ मध्ये कमळावर पुन्हा उदयनराजे होते आणि समोर शशिकांत शिंदे तुतारी वाजवणाऱ्या माणसावर होते. यंत्रावर घड्याळ कुठेच नव्हते. ज्या मतदाराने वर्षानुवर्षे घड्याळ शोधले, त्याला या वेळी जुनी खूण टाकून नवी शोधायची होती, आणि नव्या खुणेची त्याच्याकडे जी आठवण होती ती ऐकलेली होती, पाहिलेली कमी. दिंडोरीत आडनावाच्या साम्याची भर पडली. नामसाधर्म्याचा त्रास आयोगाला माहीत होता आणि त्यावरचा उपाय म्हणूनच २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापले जाऊ लागले; पण २०२४ मधल्या काळ्या-पांढऱ्या छोट्या छायाचित्राचा उपयोग त्यालाच होता, ज्याने उमेदवाराला जवळून पाहिले होते.

आकडे किती सांगतात

भास्कर भगरे दिंडोरीत १,१३,१९९ मतांनी जिंकले, म्हणून तेथील एक लाखाहून अधिक मतांचा प्रश्न निकालानंतर मागे पडला. बीडमध्ये बजरंग सोनवणे अवघ्या ६,५५३ मतांनी जिंकले. वाद्याच्या चिन्हाकडे गेलेली मते या फरकाच्या आठपटींहून अधिक होती, तरी तेही निभावले. साताऱ्यात मात्र शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि पिपाणीची ३७,०६२ मते त्याहून जास्त असल्याने ‘पिपाणीने सातारा घालवला’ हे वाक्य रूढ झाले.

या वाक्याशी मी सहमत नाही, निदान इतक्या ठामपणे नाही. साताऱ्याचा निकाल फिरण्यासाठी त्या अपक्षाच्या मतांपैकी ३२,७७२ मते, म्हणजे सुमारे ८८ टक्के मते, शिंदे यांची होती आणि इतर कोणाचीही नव्हती असे धरावे लागते. कोणत्याही अपक्षाला काही मते त्याची स्वतःची मिळतात, काही नाराजीची, काही निव्वळ भलतेच बटण दाबल्याची. गोंधळाचा वाटा मोठा होता हे मानायला सबळ कारणे आहेत, पण तो ८८ टक्के होता हे आकड्यांवरून सिद्ध होत नाही. मत गुप्त असल्यामुळे ते कधी सिद्ध होणारही नाही.

पुरावा अधिक भक्कम आहे तो या प्रकाराच्या पुनरावृत्तीत. वेगवेगळे मतदारसंघ, वेगवेगळे अपक्ष, मतदानाच्या वेगवेगळ्या तारखा, आणि सगळीकडे तेच एक चिन्ह हजारोंनी मते ओढते. एका ठिकाणचा योगायोग समजावून देता येतो. इतक्या ठिकाणचा नाही. तेलंगणात असेच झालेले आहे. २०१९ मध्ये भोंगीरची जागा तेलंगणा राष्ट्र समितीने पाच हजारांच्या आसपास मतांनी गमावली. पक्षाचे चिन्ह मोटार होते आणि ‘रोड रोलर’ या चिन्हावरच्या उमेदवाराला सत्तावीस हजारांवर मते पडली होती. तिथे नावाचाही गोंधळ नव्हता, चाके असलेल्या वाहनाची बाह्यरेषा पुरेशी झाली.

साम्य कागदावर की स्मरणात?

लोकसभेच्या निकालानंतर पक्षाने आयोगाकडे दोन मागण्या केल्या : यंत्रावर आपले चिन्ह लहान दिसते ते ठळक करावे, आणि ट्रम्पेट हे चिन्ह यादीतून काढावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीची घोषणा करताना मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी सांगितले की पहिली मागणी मान्य केली आहे. पक्षाने दिलेल्या आरेखनांच्या पर्यायांपैकी त्याच्या पहिल्या पसंतीचे चित्र आयोगाने स्वीकारले. दुसरी मागणी मात्र मान्य झाली नाही, कारण आयोगाच्या मते ही दोन चिन्हे एकमेकांपासून वेगळी आहेत.

दोन्ही चित्रे टेबलावर शेजारी ठेवून पाहणाऱ्याला आयोगाचे म्हणणे पटेल. एकात माणूस आहे, दुसऱ्यात नाही. पण मतदार अशी तुलना करतच नाही. त्याच्यासमोर दोन चित्रे असतात हे खरे असले तरी तो त्यांची एकमेकांशी गाठ घालत नाही; तो प्रत्येक चित्राची गाठ मनातल्या एका आठवणीशी घालतो, आणि ती आठवण अर्धवट असते. आपल्याकडच्या व्यापारचिन्हांच्या कायद्याला ही गोष्ट साठहून अधिक वर्षे माहीत आहे. १९६२ मध्ये ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने कसोटी लावली ती सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या ग्राहकाची; ग्राहक नावाचे तुकडे पाडून चिकित्सा करत बसत नाही, त्याच्या मनावर एकूण ठसा काय उमटतो ते पाहायचे, आणि त्या ठशावरून ही दोन नावे गोंधळात टाकणारी ठरली. पोटदुखीच्या औषधाची बाटली घेणाऱ्या माणसाला कायदा अपुऱ्या स्मरणाची सवलत देतो. मत देणाऱ्या माणसाला ती नाकारण्याचे कारण मला सापडत नाही. उलट बाटली परत करता येते, दुसऱ्या दिवशी दुसरी घेता येते. मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर चूक लक्षात आली तरी मत परत घेता येत नाही.

आयोगाच्या बाजूनेही एक विचार मांडला पाहिजे. कोणत्याही पक्षाने उठून ‘अमुक चिन्ह माझ्यासारखे दिसते’ म्हणावे आणि ते गोठवले जावे असे झाले, तर मुक्त यादी लवकरच रिकामी होईल, आणि अपक्षांना मिळणाऱ्या चिन्हांवर मोठ्या पक्षांचा अंकुश येईल. ही भीती रास्त आहे. छोट्या उमेदवाराचा चिन्हावरचा हक्क मोठ्या पक्षाइतकाच खरा आहे, आणि ज्याने ट्रम्पेट घेतले त्याने नियमाप्रमाणेच घेतले. परंतु येथे प्रश्न सर्वसाधारण साम्याचा नव्हता. आयोगाच्याच यादीने दोन चिन्हांना एक शब्द वाटून दिला होता, आणि लोकसभेच्या निकालाने परिणाम दाखवून दिला होता. नवीन चिन्ह सुचवणाऱ्या पक्षाने आधीच्या चिन्हांशी साम्य टाळावे अशी आयोगाची अपेक्षा असते. मग राखीव चिन्ह देताना मुक्त यादीतले साम्य तपासण्याची जबाबदारी आयोगावर येते, एवढा हा साधा हिशेब आहे.

विधानसभेच्या निकालात जे दिसले ते लोकसभेपेक्षा बोलके होते, कारण तेथे मतदारसंघ लहान आणि अंतरे बारीक असतात. बेलापूरची जागा पक्षाच्या उमेदवाराने ३७७ मतांनी गमावली. ट्रम्पेट चिन्हावरच्या उमेदवाराची मते अडीच हजारांहून अधिक होती. साताऱ्याची ८८ टक्क्यांची अट येथे लावून पाहिली तर पंधरा-सोळा टक्केही पुरतात. आंबेगावात फरक १,५२३ मतांचा होता आणि त्या चिन्हाला तीन हजारांच्या जवळ मते होती. तेथे चिन्हाबरोबर पुन्हा नामसाधर्म्यही होते, त्यामुळे कोणत्या साम्याने किती काम केले हे वेगळे काढता येत नाही. चित्र ठळक केल्यानंतरही हे घडले, यावरून मी असा निष्कर्ष काढतो की अडचण आरेखनापुरती नव्हती. चित्र मोठे केल्याने माणूस स्पष्ट दिसू लागला, पण मतदार माणूस शोधत नव्हता.

काय करता येईल

चिन्हे मतदारांच्या नजरेने तपासून घेण्याची पद्धत सुरू करणे अवघड नाही. नवे राखीव चिन्ह देण्यापूर्वी मुक्त यादीतली जवळची चित्रे आणि ते चिन्ह मतपत्रिकेच्या खऱ्या आकारात, काळ्या-पांढऱ्या छपाईत, निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या मतदारांपुढे ठेवावे. त्यांना चित्र न दाखवता नुसते नाव सांगावे आणि कोणत्या चौकटीवर ते बोट ठेवतात ते नोंदवावे. ही नोंद वयस्क, कमी दिसणाऱ्या आणि अक्षरओळख नसलेल्या मतदारांची वेगळी घ्यावी, कारण चिन्हे मुळात ज्यांच्यासाठी आणली गेली ते मतदार हेच आहेत. वेळ कमी असेल तेव्हा, आणि पक्ष फुटल्यावर तो नेहमीच कमी असतो, जवळची मुक्त चिन्हे त्या राज्यापुरती व त्या निवडणुकीपुरती बाजूला ठेवावीत. एखाद्या वाद्याऐवजी बादली किंवा पंखा मिळाल्याने अपक्षाचे काही नुकसान होत नाही. यादीतली मराठी नावे ठरवताना ती त्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे बोलीची जाण असलेल्या माणसांनी वाचलेली असावीत, आणि राखीव चिन्हाच्या नावातला कोणताही शब्द दुसऱ्या चिन्हाला दिला जाऊ नये.

पक्षांनीही आपल्या बाजूने काही धडे घ्यायला हवेत. सभेतला आवाज आणि गडावरचा सोहळा चिन्हाला थोरवी देतो, परंतु ओळख पटवण्याचे काम वेगळे असते आणि त्यासाठी वेगळी तयारी लागते. घरोघरी वाटायच्या प्रचारपत्रकावर नमुना मतपत्रिका छापताना यंत्रावर येणार तेच काळे-पांढरे चित्र, त्याच आकारात, शेजारच्या उमेदवारांच्या रिकाम्या ओळींसह छापावे आणि अनुक्रमांक ठळक द्यावा. बूथवरच्या कार्यकर्त्याने ‘तुतारी’ म्हणून न थांबता ‘फेटा बांधलेला माणूस’ किंवा ‘वरून अमुक नंबर’ असे सांगावे. लोकसभेनंतर विधानसभेच्या प्रचारात जिथे जिथे कार्यकर्ते माणसावर बोट ठेवून सांगत होते, तिथे ते नेमके हेच करत होते.